हॅलोकाकू आणि समुद्रापलीकडची बाई

...तर आग लागली होती बेकरीला, हवा होता बंब, आणि हॅलोकाकूंनी घाईघाईत फोन जोडून दिला गाण्याच्या मास्तरांना! मास्तर दुपारच्या झोपेतून उठून विचारतात, "कुठल्या पट्टीत?" बेकरीवाला ओरडला, "पट्टी कसली, छप्पर पेटलंय!" आग विझली म्हणून बरं. बेकरीवाला अजूनही ही गोष्ट गिऱ्हाइकाला पावाबरोबर फुकट देतो.

हॅलोकाकू म्हणजे गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ऑपरेटर. समोर भोकांची फळी, कानाला हेडफोन, हातात वायरी. ह्याचं घर त्याच्या घराला जोडून द्यायचं आणि आपण बाजूला व्हायचं. पुढे आपोआप जोडणारं यंत्र आलं आणि काकूंना भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी धाडलं.

काकूंची पुतणी कॉलेजात इतिहास शिकवते. तिचं म्हणणं, राजेरजवाडे पुष्कळ झाले. आता जगाच्या दोन टोकांची दोन साधी माणसं शेजारी बसवू, त्यातून जग कसं बदललं ते दिसेल. तिनं पुस्तकासाठी जोड्या लावल्या. इथला न्हावी, तिथला न्हावी. काकूंच्या शेजारी समुद्रापलीकडची एक ऑपरेटरबाई. काकूंचे पाय जमिनीवर ठरेनात. भाजीवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून झालं, "मी पुस्तकात आहे हो!"

आणि एक दिवस पुतणी तोंड पाडून आली.

"काकू, प्रकाशक म्हणतोय, ह्या दोघी अगदीच सारख्या. एकाच साली नोकरी, एकाच यंत्रानं घरी. तिलासुद्धा घड्याळच दिलंय! फरक दाखवा, नाहीतर ही जोडी गाळतो."

"घड्याळसुद्धा?" काकूंचा चेहरा उतरला. "चालतं का गं तिचं?"

"चालतं."

"मेलीचं नशीब! आमचं पहिल्याच वर्षी बंद पडलं. हा फरक नाही का चालणार?"

"नाही गं. तुम्ही दोघी बोला एकमेकींशी, काहीतरी सापडेलच. मी मधे भाषांतर करते."

काकू आतल्या खोलीत फोन घेऊन बसल्या, पुतणी स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या फोनवर. तिघींची लाइन जुळली. आणि पुढे चिडीचूप! पुतणी हॅलो हॅलो करून दमली. शेवटी तिकडून बाईंची लेक बोलली, "आई रिसीव्हर टेबलावर ठेवून बागेत गेली. म्हणते, लाइन जोडून दिल्यावर आपण तिथं थांबायचं नसतं."

पुतणीनं कपाळावर हात मारला. काकूंनीही हेच केलं असणार, म्हणजे जोडी गेलीच! ती धावत आतल्या खोलीत गेली. काकू जागेवरच होत्या. रिसीव्हर कानाला घट्ट, दुसऱ्या हाताचा तळवा बोलायच्या भोकांवर दाबलेला, श्वाससुद्धा बेतानं.

"काकू! म्हणजे तू इतकी वर्षं..."

काकूंनी रिसीव्हर खाली ठेवला, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "सापडला ना फरक? मग लिही. ती बाई उठून जायची, मी बसून ऐकायचे. आणि त्याखाली ठळक अक्षरात हेही लिही, की ह्या कानात गेलेलं एक अक्षरही ह्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. नाहीतर उद्या मला भाजीसुद्धा कुणी देणार नाही!"