समीक्षाची बॅच

समीक्षा मेश्रामने बॅच बदलण्याचा अर्ज माझ्यासमोर ठेवला तेव्हा स्टाफरूममध्ये चहा चालू होता. अर्ज वाचून मी कप खाली ठेवला. तिला अ‍ॅडव्हान्स्डमधून रेग्युलरमध्ये जायचं होतं. कारणाच्या ओळीत एकच शब्द होता, ‘वैयक्तिक’.

“काहून वं?” मी विचारलं. “फिजिक्सच्या एंट्रन्सला तूच पहिली आलीस ना?”

“मले नाही झेपत, मॅडम.”

“काय झेपत नाही?”

ती माझ्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, “स्पीड.”

मी नागपूरच्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. आमच्याकडे अकरावीला सायन्सच्या दोन बॅच असतात. दोन्हींवर माझे तास असतात, पुस्तकही दोन्हींचं एकच. रेग्युलरमध्ये एखादा नियम शिकवायचा, त्यावरची सरळ गणितं करून घ्यायची, बोर्डाच्या आणि सीईटीच्या तयारीला लागायचं. अ‍ॅडव्हान्स्डमध्ये तोच नियम उलटासुलटा करून विचारायचा. उतार, पुली आणि स्प्रिंग एकाच गणितात येतात, आणि ते गणित मिनिटा-दोन मिनिटांत सुटावं अशी अपेक्षा असते. ही मुलं आयआयटीच्या परीक्षेसाठी तयार होतात. रेग्युलरमधून अ‍ॅडव्हान्स्डमध्ये घ्या म्हणून पालक रोज येतात. उलटा अर्ज क्वचित येतो, आणि आला तर बहुतेक नापास होणाऱ्या मुलाचा असतो.

समीक्षा नापास होत नव्हती. निदान लेखी परीक्षेत नाही. अडचण होती ती रॅपिड राउंडमध्ये. म्हणजे शिक्षकाने गणित तोंडी सांगायचं, मुलांनी उत्तर पाटीवर लिहून पाटी वर धरायची. आमचे कोऑर्डिनेटर भुसारी सर या प्रकाराचे मोठे भक्त. त्यात समीक्षाची पाटी हमखास चुकायची. मुलं हसायची. लेखीत एवढे मार्क येतात म्हणजे कॉपी करत असेल, असंही कोणीतरी बोलून गेलं होतं.

बॅच बदलायला क्लासटीचर म्हणून माझी सही पुरते, तरी भुसारी सरांना मी अर्ज दाखवला.

“अजिबात नाही,” ते म्हणाले. “टॉपरच खाली गेली तर बॅचला काय मेसेज जाईल? घाबरली असेल. महिनाभरात होते ठीक.”

“सर, घाबरलेली मुलगी पेपरातही घाबरेल ना?”

“मॅडम, तुम्ही फार विचार करता.”

दुसऱ्या दिवशी अ‍ॅडव्हान्स्डवर माझा तास होता. ही बॅच मोठ्या हॉलमध्ये बसते. भिंती मोकळ्या, छत पत्र्याचं, आणि दोन्ही बाजूंना जंबो कूलर. पावसाळा असला तरी नागपुरात दोन दिवस उघडीप पडली की उकाड्याने जीव जातो, म्हणून कूलर पाण्याशिवाय नुसते पंख्यासारखे चालू ठेवतात. मी मुद्दाम एक सोपं गणित तोंडी घातलं. गाडीचा वेग सेकंदाला पंधरा मीटर, ब्रेक लावल्यावर तो दर सेकंदाला पाचने कमी होतो, तर ती किती अंतरावर थांबेल. आकडे आम्ही इंग्रजीतच सांगतो, त्यामुळे मी ‘फिफ्टीन’ म्हटलं. समीक्षाने पाटी वर धरली. उत्तर भलतंच मोठं होतं. मागून कोणीतरी खिदळलं.

मी मनात गणित मांडून पाहिलं. वेग पंधराऐवजी पन्नास धरला तर तिचं उत्तर अगदी बरोबर होतं. ‘फिफ्टीन’चं तिने ‘फिफ्टी’ ऐकलं होतं.

पुढचं गणित मी आकडे फळ्यावर लिहून दिलं. तिची पाटी सगळ्यांच्या आधी वर आली.

मधल्या सुट्टीत मी तिला लॅबमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. लॅबला कूलर नाही, त्यामुळे तिथे शांत असतं. ती टेबलाजवळ उभी होती. मी तिच्या मागे खिडकीशी गेले आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, “समीक्षा, तो स्टूल घे आणि बस.”

तिने मान वळवली, पण बसली नाही. मी समोर आले आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. ती लगेच बसली.

मोबाईलवर वेगवेगळे सूर काढणारं एक अ‍ॅप असतं. ध्वनी शिकवताना मी ते वापरते. हवा एका सेकंदात जितक्या वेळा थरथरते ती त्या आवाजाची फ्रिक्वेन्सी. ढोलाची कमी, शिट्टीची जास्त. आपल्या बोलण्यातले आ, ओ असे स्वर खालच्या फ्रिक्वेन्सीचे असतात. स, श, फ, थ ही अक्षरं वरच्या. वरच्या फ्रिक्वेन्सी ऐकू येत नसतील तर माणसाला आवाज येतो, पण शब्द अर्धवट येतात. समोरचा बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही.

“सूर ऐकू येईल तोवर हात वर ठेव,” मी सांगितलं. “बंद झाला की खाली कर.”

फोन मी तिच्या मागे धरला. खालच्या सुराला हात वर होता. मी हळूहळू सूर चढवत नेला. फोन शिट्टीसारखा वाजायला लागला, माझ्या कानाला त्रास व्हायला लागला. तिचा हात टेबलावर आला.

“बंद झाला ना, मॅडम?” तिने विचारलं.

मी फोन तिच्या समोर धरला. स्क्रीनवर सुराची रेघ नाचत होती. तिने ती बघितली. मग माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले, पण ती रडली नाही.

“तुला माहीत होतं?”

“हो,” ती म्हणाली. “कोरोनात सगळ्यायनं मास्क लावले ना, तवा समजलं. त्याच्या आधी मले वाटे सगळे असेच आयकतात. तोंडाकडे पाहूनच.”

“घरी सांगितलं नाहीस?”

“आमच्या मोहल्ल्यात एक आत्या आहे, मॅडम. तिले आयकू येत नाही. तिचं नाव काय आहे, कोणालेच माहीत नाही. सगळे बहिरी म्हणूनच हाक मारतात. ती पलटूनबी पाहत नाही अन् लोक हसतात.”

मी तिचा अर्ज टेबलावर ठेवला. त्याच्याकडे बघत ती म्हणाली, “रेग्युलरची रूम लहान आहे. कूलर नाही. पहिल्या बाकावर बसलं की भागते. तुम्ही फक्त सही करा ना, मॅडम.”

मी सही केली नाही. तिच्या वडिलांना फोन केला.

विलास मेश्राम मौद्याला एका राइस मिलमध्ये मशीनवर काम करतात. ते मोटारसायकलवरून आले. धुतलेला पांढरा शर्ट, भांगात आणि भुवयांत मात्र भुशाची बारीक धूळ. काही गुन्हा घडल्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसले. समीक्षा बाजूला उभी होती.

मी सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली.

“नाही, मॅडम. तिले काही नाही झालं. घरी तं सगळं आयकू येते तिले. एका हाकेत येते.”

ते फार मोठ्याने बोलत होते. स्टाफरूममधली दोन-तीन डोकी वळली.

“विलासभाऊ, तुम्ही घरीही असंच बोलता का?”

“असंच म्हणजे?”

“एवढ्या मोठ्यानं.”

ते गोंधळले. समीक्षा हळूच म्हणाली, “आमच्या घरी सगळेच असे बोलतात, मॅडम. बाबाले हळू बोललेलं कळत नाही.” ते वाक्य तिच्या वडिलांना ऐकू गेलं नाही. ते माझ्याकडेच बघत होते.

आम्ही तिघं लॅबमध्ये गेलो. मी त्यांना सूर ऐकवले. समीक्षा समोर उभी राहून वडिलांच्या हाताकडे बघत होती. त्यांचा हात तिच्यापेक्षा बराच आधी खाली आला. मी रेघ दाखवली. त्यांनी फोन हातात घेऊन कानाला लावून पाहिला. वर्षानुवर्षं मशीनशेजारी उभं राहून हे झालं असावं. त्यांना ते कधी जाणवलंच नव्हतं. आणि ज्या घरात सगळे ओरडून बोलतात, त्या घरात मुलीचं कमी ऐकणं कोणाच्या लक्षात येणार?

“बाहेर सांगू नका, मॅडम,” शेवटी ते म्हणाले. आता आवाज खाली आला होता. “पोरीची जात आहे. उद्या सोयरीक पाहू तं लोक पहिले हेच बोलतील.”

“बाबा,” समीक्षा त्यांच्या समोर येऊन म्हणाली, “मी एकटी नाही जाणार डाक्टरकडे. तुमचाबी कान दाखवू. दोघंबी जाऊ.”

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

सरकारी दवाखान्यात दोघांची तपासणी झाली. मोबाईलवर जे होतं तो नुसता संशय. खरं मोजमाप तिथल्या बंद खोलीत होतं. समीक्षाच्या दोन्ही कानांना वरच्या फ्रिक्वेन्सी कमी ऐकू येत होत्या. लहानपणच्या एखाद्या आजारामुळे असेल, डॉक्टरांना नक्की सांगता आलं नाही. ते ऐकणं परत येणार नव्हतं. पण कानाचं मशीन लावून बोलणं समजणार होतं. वडिलांनाही मिलमध्ये कान झाकायचं साधन वापरायला सांगितलं.

कानात मशीन घालून ती हॉलमध्ये आली तेव्हा मला वाटलं, आता प्रश्न संपला. भुसारी सर तर खूशच होते. “बघा, मी म्हटलं नव्हतं? बॅच बदलायची गरजच नव्हती.”

दोनेक आठवड्यांनी ती पुन्हा आली.

“मॅडम, आता सगळंच आयकू येते. कूलर, बाक सरकलेला, पेनाची टकटक, मागच्या पोरींची कुजबूज. फक्त सरांचा आवाज त्यातून वेगळा नाही काढता येत.”

मी हॉलमध्ये जाऊन टाळी वाजवली. आवाज भिंती आणि पत्र्यावर आपटून कितीतरी वेळ घुमत राहिला. याला रेव्हर्बरेशन म्हणतात. एक शब्द विरायच्या आत दुसरा येतो आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात. चांगल्या कानाला ते निवडून घेता येतं. मशीन निवडत नाही, सगळंच मोठं करतं. रेव्हर्बरेशनचा धडा आम्ही याच हॉलमध्ये शिकवत होतो.

मी भुसारी सरांकडे गेले. “अ‍ॅडव्हान्स्डचे दोन भाग करून लहान रूममध्ये घेऊ. रॅपिड राउंडचे प्रश्न छापून देऊ.”

“एका मुलीसाठी?”

“मागच्या बाकांवरच्या सगळ्यांसाठी.”

“रूम नाहीत, मॅडम. शिक्षक नाहीत. छापील प्रश्न देतो, तेवढं करता येईल. आणि तिला पहिल्या बाकावर बसवतो.”

ते खोटं बोलत नव्हते. रूम खरंच नव्हत्या.

मी समीक्षाला समोर बसवून सगळं सांगितलं. अ‍ॅडव्हान्स्डमध्ये प्रश्न छापील मिळतील, बाक पहिला मिळेल, हॉल मात्र तोच राहील. रेग्युलरमध्ये रूम शांत आहे, पण तिथे तुझ्या कुवतीची गणितं होणार नाहीत. माझं मत अ‍ॅडव्हान्स्डच्या बाजूने होतं आणि ते मी लपवलं नाही. “तुझ्यासारखी मुलगी रोज येत नाही,” मी म्हटलं.

तिने घरी जाऊन विचार केला. परत आली ती वडिलांना घेऊन.

“रेग्युलर,” ती म्हणाली. “मले तुमचं शिकवणं पूर्ण आयकायचं आहे, मॅडम. हॉलमधी मी दिवसभर फक्त अंदाज लावते. घरी जाऊन डोकं दुखते. फिजिक्सले वेळच नाही उरत.”

मी विलासभाऊंकडे पाहिलं.

“अ‍ॅडव्हान्स्डले नंबर लागला तवा गावात पेढे वाटले होते मी,” ते म्हणाले. “जाऊ द्या. तिचं डोकं दुखते म्हणते, तं मी काय बोलू?”

मी सही केली. भुसारी सर माझ्याशी बरेच दिवस तुटक वागले. अ‍ॅडव्हान्स्डची छापील गणितं मी समीक्षाला देत राहिले. ती सोडवून आणायची, कधी माझ्यापेक्षा लहान रीतीने. तिच्या केसांआडून मशीन दिसायचं. सुरुवातीला ती केस पुढे ओढायची. बारावीत तिने वेणी घालायला सुरुवात केली.

आयआयटीची परीक्षा तिने दिली नाही. बारावीला फिजिक्समध्ये कॉलेजात तिच्याएवढे मार्क कोणाला नव्हते. आता ती नागपुरातच बी.एस्सी. करते आहे. विलासभाऊंना इंजिनियर मुलगी हवी होती, ती हळहळ त्यांच्या बोलण्यात येते. भुसारी सर अजून म्हणतात, “मॅडम, पोरगी आयआयटीत गेली असती.” गेलीही असती. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, कारण मलाही ते खरंच माहीत नाही.

एक गोष्ट मात्र बदलली. आता अकरावीच्या बॅच लावण्याआधी आमच्याकडे सगळ्या मुलांचे कान आणि डोळे तपासतात. दर वर्षी एखाददुसरं मूल निघतंच, ज्याला फळा नीट दिसत नाही किंवा मागच्या बाकावर आवाज पोचत नाही, आणि ज्याला आजवर सगळ्यांनी ढ म्हटलेलं असतं. रेग्युलर की अ‍ॅडव्हान्स्ड, हे आम्ही त्यानंतर विचारतो.