अरबस्तानचा झगा

कामशेतहून पवनानगरकडं जाणाऱ्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून मी सात वर्षं शाळेत जाते आहे. या सात वर्षांतला माझा सगळ्यात लाजिरवाणा उद्योग मी मुलांना जगाची ओळख करून देण्याच्या नावाखाली केला.

तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग माझ्याकडं होता. एकच गोष्ट निरनिराळ्या देशांत कशी निराळी सांगतात, हे मुलांना दाखवायचं मी ठरवलं. गोष्ट सगळ्यांच्या माहितीतली: सावत्र आईच्या हाताखाली राबणारी मुलगी, तिचा हरवलेला जोडा, आणि जोड्यावरून तिला शोधत येणारा राजपुत्र. चीनमध्ये या मुलीला एक मासा मदत करतो. इजिप्तमध्ये तिची चप्पल गरुड उचलून नेतो. अरबस्तानात लग्नघरातून परतताना तिची खडाव पाण्यात पडते. मी नकाशावर बोट ठेवून देश दाखवायची आणि मुलं तोंड उघडं टाकून ऐकायची. मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं. तळेगावातल्या मैत्रिणींना मी ते फोन करकरून सांगितलंही.

शेवटी म्हटलं, आता हीच गोष्ट आपल्या मावळात घडवू. मी सुरुवात केली: मुलगी भातलावणीला गेली आणि चिखलात तिची चप्पल रुतून बसली. तेवढ्यात चौथीतली एक मुलगी उभी राहिली.

"बाई, लावनीला चपला कोन घालतं? बांधावर काढून ठेवत्यात."

"मग हरवेल कशी?"

"कुत्रं पळवतंय की. आमच्या दोन पळवल्या."

सगळा वर्ग हसला, मीही हसले, आणि तिथून पुढं गोष्ट तिचीच झाली. राजपुत्राच्या जागी तिनं शेजारच्या गावचा ट्रॅक्टरवाला आणला. तो ती चप्पल घेऊन बांधाबांधानं फिरतो, तर बायका त्याला म्हणतात, आमचे पाय चिखलात हायती, माप कसलं घेतोस, आधी भाताच्या चार काड्या लाव. मला इतकं चांगलं कधी सुचलं नसतं. मी तिला तसं सांगितलंही, आणि ती दिवसभर वर्गात ऐटीत वावरली.

पंधरा ऑगस्टला पाहुणे येणार होते. त्यांच्यासमोर याच गोष्टी वेशभूषा करून सांगायचं ठरलं. हजेरीपट समोर ठेवून मी मुलांना देश वाटायला बसले. तिचा हात आधीच वर होता.

"बाई, मी मावळ."

मी तिच्या नावावर बोट ठेवलं. "तू अरबस्तान हो. तुमच्या घरी तसले कपडे असतीलच." मावळ मी सरपंचांच्या नातीला दिला.

"व्हय बाई," ती म्हणाली आणि तिनं हात खाली घेतला.

हे लिहिताना आजही माझे कान तापतात. गावात मुसलमानांची चार घरं, सगळी पिढ्यान्‌पिढ्या भातशेती करणारी. ती मुलगी बोलते ते मराठी माझ्यापेक्षा जास्त इथलं. पण मी हजेरीपटावरचं नाव वाचलं आणि तिला समुद्रापलीकडं धाडून दिलं. आणि त्या वेळी मला त्यात काही वावगंही वाटलं नाही, उलट एका पोशाखाची सोय झाली असं वाटलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते हेच.

चार दिवसांनी मधल्या सुट्टीत तिचे आजोबा शाळेत आले. शेतातून तसेच आले होते, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. पाय चिखलाचे म्हणून ते पायरीवरच थांबले.

"बाई, पोरगी म्हनली, अरबस्तानचे कपडे घरी असतील असं तुमी सांगितलंय. आमी सगळी पेटी धुंडली. तसलं काय घावलं न्हाई." त्यांना अपराधी वाटत होतं, जणू शाळेनं मागितलेली वस्तू त्यांच्याकडून हरवली होती. "आमचं तिकडं कुनी कदी गेलेलंच न्हाई. माज्या बाची जमीन धरनात गेली, तवा हितं वर सरकलो तेवडंच. तितं काय घालत्यात ते तुमी सांगा, तुमी शिकलेल्या. कामशेतात शिवून घेतो."

त्यांच्या बोलण्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. तोंडाची मी फटकळ आहे, टोमण्याला मला उत्तर देता येतं. पण ते मला खरंच विचारत होते.

आबा, माझं चुकलं, ती मावळच होईल. एवढंच म्हणायचं होतं. पण सरपंचांच्या घरी काय सांगू, देशांची यादी तर फळ्यावर लागली आहे, असं काहीबाही मनात आलं. खरं कारण त्याहून साधं होतं. एका शेतकऱ्यासमोर आपली चूक कबूल करायला माझी जीभ रेटेना.

"पांढरा झगा चालेल, आबा," मी म्हणाले. "पायघोळ. तीन मीटर कापड लागेल."

"तीन मीटर," ते म्हणाले. विसरू नये म्हणून जाताना पुन्हा एकदा म्हणाले. माझी लाज झाकायला मी त्या माणसाला कामशेतला पिटाळलं.

पंधरा ऑगस्टला पाऊस होता, म्हणून कार्यक्रम व्हरांड्यात झाला. ती पांढऱ्या झग्यात आली. झगा नीट मापाचा होता, इस्त्री केलेला. आबा मागं भिंतीला टेकून उभे होते. तिनं अरबस्तानची गोष्ट एकही शब्द न चुकता सांगितली. नंतर सरपंचांची नात बांधापाशी येऊन अडली, तेव्हा हिनंच तिला हळूच पुढचं सांगितलं. टाळ्या सगळ्यांना पडल्या.

मग प्रमुख पाहुणे खाऊ वाटत रांगेतून निघाले. तिच्यापाशी ते थांबले. माणूस भला होता, त्यांना दोष देता येणार नाही. मी जो वेश चढवला होता तोच त्यांना दिसला.

"वा, मराठी छान बोलतेस गं," ते म्हणाले. "तुम्ही मूळचे कुठले?"

महिन्यापूर्वी हिनं भर वर्गात मला भातलावणी शिकवली होती. आता हातात खाऊचा पुडा धरून तिनं मान वळवली, माझ्याकडं पाहिलं आणि हलक्या आवाजात विचारलं,

"बाई, काय सांगू?"