स्लाऊच्या हॉलमधला न झालेला पोल्का

आमच्या शेजारचे म्हातारे गृहस्थ एकेकाळी नाव असलेले अकॉर्डियनवादक होते. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्येच राहिलेल्या पोलिश कुटुंबातला त्यांचा जन्म, तोही निर्वासितांच्या छावणीत, पत्र्याच्या बराकीत. वाजवायला वडिलांनी शिकवलं. आठवडाभर ट्रेडिंग इस्टेटमधल्या कारखान्यात काम आणि शनिवारी पोल्का नाचांसाठी व्हॅनमधून बँड घेऊन पोलिश क्लबांचे दौरे, अशी त्यांची चाळीसेक वर्षं गेली. ब्रॅडफर्ड, लेस्टर, स्विंडन. एक रेकॉर्ड निघाली, दोन कॅसेटी निघाल्या. मग नाचणारे म्हातारे झाले, त्यांची मुलं दुसरीकडे नाचू लागली आणि बँडचे दौरे स्लाऊच्या क्लबातल्या एका हॉलपुरते उरले.

माझ्या नवऱ्याची त्यांच्याशी ओळख झाली ती भिंतीतून. हा पुण्यात असताना भजनांना पेटीची साथ करायचा. पलीकडून आवाज आला की हातातलं काम सोडून ऐकत उभा राहायचा. एके दिवशी सरळ त्यांच्या दारात गेला आणि परत आला तो बँडचा मॅनेजर होऊन. म्हातारे त्याला तसंच म्हणायचे. बेसिंगस्टोकच्या ऑफिसातून घरी येताना तो ट्रेनमध्ये पोस्टर बनवायचा, हॉल ठरवायचा, नाचायला येणाऱ्यांच्या गुडघ्यांची चौकशी करत एकेकाला फोन लावायचा. महाराष्ट्र मंडळातले मित्र त्याला चिडवायचे, "काय रे, या वयात पोलकं शिवायला लागलास?" त्यांनाही तो एकदा घेऊन गेला. ते जेवणावर खूश झाले आणि नाचले लेझीम खेळल्यासारखे. म्हातारे म्हणाले, "पाय चुकतात, पण थांबत नाहीत. एवढं पुरे."

मी जायचे, पण मागच्या टेबलावर पुस्तक घेऊन बसायचे. मला नाच येत नाही.

या वर्षी क्लब बंद करायचं ठरलं. इमारत विकली गेली होती. किल्ल्या द्यायच्या आधीचा शेवटचा शनिवार नवऱ्याने धरून ठेवला. तोवर तो आजारी पडला होता. हॉस्पिटलच्या खाटेवरून उशीला टेकून फोन करायचा, धाप लागली की फोन माझ्या हातात द्यायचा. जुने वादक कुठून कुठून यायचे होते. मला म्हणाला, "या वेळी तू पुढे बस. पुस्तक आणू नकोस." मी म्हटलं, "बरं."

तो शनिवार यायच्या आधीच तो गेला.

अंत्यविधीला म्हातारे काळा सूट घालून आले, माझा हात धरून उभे राहिले आणि गेले. तेराव्याला अजून अवकाश होता आणि मध्ये तो शनिवार येत होता. मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की वाजवा. पण ज्या घरात समई तेवते आहे, तिथून आपणच फोन करून नाच आहे ना असं विचारणं मला जमेना. मी धरूनच चालले होते की ते वाजवणार. कलावंत माणूस आहे, हॉल पुन्हा मिळणार नाही, न वाजवून करतील काय? संध्याकाळी मी शाल घेतली तेव्हा हॅरोहून राहायला आलेली माझी नणंद म्हणाली, "वहिनी, कुठे निघालीस?"

"हॉलवर."

"आज? अगं दादाला जाऊन दिवस किती झाले? आणि ते रद्द झालंय. त्यांचा फोन आला होता. तुमच्यात चालतं का म्हणून विचारत होते, मी नाही म्हणून सांगितलं. तू झोपली होतीस."

तिचं काही चुकलं नव्हतं. तरी मी गेले.

हॉलला कुलूप होतं. म्हातारे दारापाशी उभे होते, ज्यांना निरोप पोचला नसेल त्यांना परत पाठवायला. त्यांच्यासमोर एक जोडपं होतं, दोघंही त्यांच्याच वयाची. बाई भांडत होत्या. "मॅनेजर गेला म्हणून रद्द? मग तर वाजवायलाच हवं होतं!"

"त्याच्या घरचं सुतक आहे," म्हातारे म्हणाले. मग मला बघून थबकले. "तुम्ही कशाला आलात?"

"ऐकायला."

त्यांनी कुलूप एकदा ओढून पाहिलं. "आमच्यात माणूस गेलं की वर्षभर नाचत नाहीत. तुमचे दिवस तरी मोडायला नकोत असं मला वाटलं."

"मला विचारायचंत."

"तुम्हाला?" त्यांचा आवाज मुळीच कडवट नव्हता. "तुम्ही कधी पुस्तकातून वर बघितलं नाहीत हो. मला वाटलं, तुम्हाला ते आवडत नाही."

अकॉर्डियन गाडीत आहे का, असं मी विचारलं. घरी आहे म्हणाले. आणलं असतं तर वाजवायचा मोह झाला असता. वादकांना त्यांनी सकाळीच कळवलं होतं. त्यातला एक तर अर्ध्या वाटेवरून परत गेला होता. सोमवारी किल्ल्या द्यायच्या होत्या.

त्या जोडप्याची बस चुकली होती, म्हणून मी त्यांना घरी सोडायला निघाले. मागच्या सीटवर बाई वाकून नाचाचे बूट काढत होत्या, बक्कल निघत नव्हतं आणि त्यांचा नवरा अंधारात चाचपडत मदत करत होता. उतरल्यावर बाईंनी माझ्या खिडकीशी येऊन विचारलं, "मग आता पुढचा कधी?"

त्यांचा नवरा हलकेच म्हणाला, "अगं, पुढचा नाही."

त्या माझ्याकडेच बघत राहिल्या. इतकी वर्षं तारखा आमच्या घरून कळायच्या.

"कळवते," मी म्हटलं आणि काच वर केली.