सत्कारानंतरची समीक्षा

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते आणि रॉक बँडच्या नव्या गाण्यांवर लिहिते. यातला पहिला भाग लोकांना लगेच कळतो, दुसऱ्यावर ते अडतात. संगमनेरमध्ये पन्नाशीला टेकलेल्या बाईने काय करावं याच्या कल्पना ठरलेल्या आहेत, त्यात हे कुठे बसत नाही. स्टाफरूममध्ये एका सरांनी विचारलं होतं, "मॅडम, तो धांगडधिंगा ऐकून डोकं दुखत नाही का?" मी म्हटलं, "नाही. गॅदरिंगमधली भाषणं ऐकून दुखतं." गॅदरिंगला दरवर्षी भाषण हेच सर करतात. त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही.

मला हे वेड पुण्याच्या वसतिगृहात लागलं. शेजारच्या खोलीत टेप होता आणि भिंत पातळ होती. पहिल्यांदा मला त्या गिटारच्या खरखरीचं कुतूहल वाटलं ते फिजिक्सच्या अभ्यासामुळे. आवाज इतका वाढवायचा की यंत्राला तो पेलत नाही, लहरीचा वरचा भाग कापला जातो आणि त्या कापल्या जाण्यातून नवा आवाज तयार होतो. जे बिघाड म्हणून शिकवलं जातं तेच या लोकांनी वाद्य म्हणून वापरलं होतं. मला ते फार पटलं. अजूनही पटतं.

जिल्ह्यातल्या एका दैनिकाच्या शनिवारच्या पुरवणीत माझं छोटं सदर होतं. ज्यांच्यामागे कुठली कंपनी नाही, जे घरातल्या खोलीत रेकॉर्ड करून स्वतःच नेटवर गाणी टाकतात, अशांच्या नव्या अल्बमवर मी लिहायची. माझी पद्धत ठरलेली. आधी भाकरी करताना इअरफोनवर ऐकायचं. मग रविवारी दारं लावून मोठ्या स्पीकरवर. शेवटी फोन ओट्यावर ठेवून त्याच्याच चिमुकल्या स्पीकरवर, कारण बहुतेक लोक तसंच ऐकतात. तिथेही गाणं उभं राहिलं तर ते गाणं. आणि लिहून होईपर्यंत बँडमधल्या कुणाशी बोलायचं नाही.

आमच्याकडे समीक्षा नावाची गोष्ट रुजलेली नाही. सत्कार रुजलेला आहे. कुणी पुस्तक काढलं, सत्कार. कुणाची बदली झाली, सत्कार; ती रद्द झाली तरी सत्कार. पेपरात सगळंच कौतुकास्पद असतं. पुण्या-नाशिकच्या बँडवर मी कडक लिहिलं की ते रुसायचे आणि विसरायचे. इथे कुणाचं काही बिघडत नव्हतं, कारण ती पोरं इथली नव्हती.

मग देवळाली प्रवराच्या चौघांनी अल्बम काढला. चौघेही नोकरी-धंदा सांभाळून वाजवणारे. गाणारा एका शाळेत शिक्षक, गिटारवाल्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, बेस वाजवणारा शुगर फॅक्टरीच्या लॅबमध्ये, आणि ड्रमवाला स्वतःचा टेम्पो चालवतो. सात गाणी. चौघेही आमच्याच समाजातले, बौद्ध घरांतले. माझा एक चुलत दीर तिकडच्या समाजमंदिराच्या समितीवर आहे. त्याचा फोन आला.

"वहिनी, पोरांचा प्रकाशन सोहळा ठेवलाय. तुमी प्रमुख पाहुन्या."

"मी अजून लिहिलेलं नाही, भाऊजी."

"लिवा की. कोन न्हाई म्हनलं? आधी या तर."

मला त्यांना प्रत्यक्ष वाजवताना ऐकायचं होतं, म्हणून नियम थोडा वाकवून गेले. समाजमंदिर भरलेलं होतं. मागे ड्रम, अॅम्प्लिफायर सगळं मांडून तयार, आणि पुढे खुर्च्यांवर आम्ही पाहुणे. दीपप्रज्वलन, वंदना, प्रास्ताविक, मग भाषणं. प्रत्येक वक्ता 'मला या संगीतातलं काही कळत नाही' असं सांगून अर्धा तास त्याच संगीतावर बोलत होता. मग माझा सत्कार. शाल, फुलं आणि एक जाड पुस्तक. सूत्रसंचालक माईकवर म्हणाला, "आणि येत्या शनिवारी मॅडमच्या लेखणीतून आपल्या पोरांवर कौतुकाचा वर्षाव होणार आहे!" टाळ्या पडल्या. मी हसले नाही. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

बँडने दोनच गाणी वाजवली. संध्याकाळी त्याच मंदिरात एक साखरपुडा होता आणि मुलीकडचे लोक फुलांच्या टोपल्या घेऊन दारात येऊन उभे राहिले होते. ड्रमवाला तिसरं गाणं सुरू करणार तोच कुणीतरी खुर्च्या उचलायला लागलं. दोन गाणी वाजवण्यासाठी ही पोरं सकाळपासून वायरी ओढत होती. मला वाटलं, इथे सगळ्यांना या पोरांचा अभिमान आहे. त्यांचं गाणं मात्र कुणालाच नकोय.

घरी येऊन मी पुन्हा अल्बम ऐकला आणि लिहिलं. चांगलं होतं ते आधी लिहिलं. ऊसतोडीच्या ट्रकांवरचं तिसरं गाणं मला फार आवडलं. त्यात बेस असा दबून चालतो की भरलेला ट्रक चढ चढतोय असं वाटतं, आणि शब्द मोजके. मग बाकीचं. गाणारा मराठी शब्द इंग्रजी तोंडाने म्हणतो. घरी आईला हाक मारताना त्याचा 'र' असा घशात जात नसणार. गिटारवाल्याला प्रत्येक गाण्यात स्वतःची करामत दाखवायची आहे, गाण्याला गरज असो-नसो. आणि शेवटच्या गाण्यात महामानवाचं नाव येतं तेव्हा श्रोते उभे राहतात, ते त्या नावासाठी. चाल बाजूला काढून पाहिली तर तिथे काहीच नाही. एवढं मोठं नाव घ्यायचं तर त्याच्या खालचं गाणंही तितक्याच मेहनतीचं हवं. असं मी लिहिलं आणि पाठवलं. ते छापून आलं.

रविवारी सकाळी भाऊजी दारात. चहा नको म्हणाले. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"वहिनी, शाल घेतली ना तुमी? अंगावर घेतली ना?"

"घेतली. उकडत होतं तरी घेतली."

"मग? शाल घेऊन मानूस असं लिवतो व्हय?"

"शाल कशासाठी दिली होती, भाऊजी? मी समजले, पाहुणी म्हणून."

"आवं, आपलीच पोरं हायेत! लई लागलंय त्यांना. बाहेरच्यांनी पाय वढले असते तर समजलं असतं. आन् शेवटच्या गान्याला तुमी... त्या गान्याला तरी हात लावायचा न्हाई."

"नावाला मी हात लावलेला नाही. चालीला लावला."

"लोकांना चाल कळत न्हाई. त्यांना येवढंच कळतं की वहिनीनं नावं ठिवली."

ते गेल्यावर ती शाल मी कपाटातून काढून पिशवीत घातली, परत करायला. मग पुन्हा काढून ठेवली. परत केली असती तर ती लाच होती हे मीच कबूल केल्यासारखं झालं असतं. ती चांगली उबदार शाल आहे. मी वापरते.

'आपलीच पोरं' या शब्दांवर मात्र मी दिवसभर धुमसत होते. नोकरीत नवी असताना एका ज्येष्ठ बाईंनी माझं कौतुक केलं होतं. "तुमच्यातली असून किती छान शिकवतेस गं!" त्या मनापासून बोलल्या होत्या, तेच जास्त झोंबलं. त्या 'असून'मध्ये माझी पट्टी आधीच खाली करून ठेवलेली होती. ती वर न्यायला मला किती वर्षं लागली ते माझं मला माहीत. आता मीच या चौघांसाठी पट्टी खाली करायची? पुण्याच्या पोरांना मी पूर्ण मापाने मोजायचं आणि आपल्या पोरांना 'टेम्पो चालवून सुद्धा किती छान वाजवतो' म्हणायचं? हे माझ्याकडून होणार नाही. आपल्या माणसांच्या दबावानेही नाही.

संध्याकाळी गाणाऱ्याचा फोन आला. आवाज ताणलेला.

"मॅडम, पुण्याच्या बँडवर असं लिहिता का तुम्ही?"

"याहून वाईट लिहिलंय. वाचून दाखवू?"

"नको. वाचलंय मी सगळं. पण त्यांचं चालून जातं मॅडम. त्यांच्यावर दहा ठिकाणी छापून येतं. तुम्ही एक वाईट लिहिलं तर नऊ उरतात. आमच्यावर आयुष्यात हे एकच छापून आलंय. आईनं ते कापून ठेवायला घेतलं, आणि वाचून परत टेबलावर ठेवलं."

त्याचं म्हणणं खरं होतं. जिल्ह्यात त्यांच्यावर लिहिणारी मी एकटीच, म्हणजे माझ्या वाक्याचं वजन माझ्या मापापेक्षा जास्त. मी ते कबूल केलं. म्हटलं, "हे मी हिशेबात धरलं नव्हतं. पण एकच असेल तर ते खोटं असून कसं चालेल? कौतुक तर तुम्हाला त्या दिवशी मंदिरात भरपूर मिळालं. बोलणाऱ्यांतल्या एकाने तरी तिसऱ्या गाण्याचं नाव घेतलं का?"

"नाही," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

सोमवारी पुरवणीच्या संपादकांचा फोन. भला माणूस. माझी भाषा कधी बदलली नाही, मजकूर कधी कापला नाही.

"मॅडम, ऑफिसला लोक येऊन गेले. निवेदन देऊन गेले. एक छोटा खुलासा देऊ या का? 'कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास' एवढंच."

"कुणाच्या?"

"तसं नाव नसतं त्यात."

"मग ज्याचं नाव नाही त्याची माफी कशी मागू? आणि मी माफी मागावी असं बँडमधलं कुणीही म्हणालेलं नाही. रागावलेत. रागावू देत."

ते हसले, मग म्हणाले, "बरं, खुलासा राहू दे. मधला मार्ग सांगतो. सदर चालू ठेवा. पुणे, मुंबई, जिथले असतील तिथले बँड घ्या, हवं ते लिहा. फक्त जिल्ह्यातलं कुणी आलं तर आपण बातमी देऊ. अभिनंदनाची. समीक्षा नको."

मला वाटतं, हे स्वीकारणं अगदी सोपं होतं. सदर वाचलं असतं, भाऊजी चहा प्यायले असते. पण त्याचा अर्थ असा होता की बाहेरच्यांचं गाणं ऐकायचं आणि इथल्यांना शाल पांघरून घरी पाठवायचं. राहात्याला, श्रीरामपूरला, कुठल्या तरी खोलीत चार पोरं-पोरी वायरी ओढत असतील. त्यांनी कितीही चांगलं वाजवलं तरी त्यांच्या वाट्याला फक्त अभिनंदन. मग वाईट वाजवणाऱ्याला आणि चांगलं वाजवणाऱ्याला एकच हार.

"नाही," मी म्हटलं. "जिल्हा वगळून मला लिहायचं नाही. उलट जिल्ह्यासाठीच लिहायचं होतं."

"मग जागा दुसऱ्या कशाला तरी द्यावी लागेल."

"द्या."

दिली. पुढच्या शनिवारी माझ्या चौकटीत शेवग्याच्या शेंगांच्या आमटीची कृती होती. मी ती करून पाहिली. चिंच फार सांगितली होती. तसं मी संपादकांना कळवलं. त्यांनी हसण्याचं चित्र पाठवलं. मी गंभीरपणे लिहिलं होतं.

घरच्यांना वाटलं आता ही शांत बसेल. नवरा म्हणाला, "शनिवार मोकळा झाला, बरं झालं." मी म्हटलं, शनिवार मोकळा झालेला नाही, फक्त छापणारं कुणी उरलेलं नाही. सदराचे जे वाचक अधूनमधून मेसेज करायचे त्यांचे नंबर एकत्र केले आणि फोनवरूनच लिहायला लागले. फार लोक नाहीत. एक दंतवैद्य आहे, एक पोल्ट्रीवाला, काही माझे जुने विद्यार्थी, आणि एक बाई ज्या फक्त 'वाचले' एवढंच कळवतात. पहिलाच मजकूर नाशिकच्या एका बँडवर गेला आणि त्यातलं दुसरं गाणं मी सोलून काढलं. दंतवैद्य म्हणाला, जरा जास्तच झालं. असेल. पण ऐकल्याशिवाय बोलले नव्हते.

परवा देवळाली प्रवराहून फोन आला. गाणाराच. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"तुमचा कॉलम बंद झाला म्हणे."

"पेपरातला झाला."

"आमच्यामुळे?"

"माझ्यामुळे. ते काम सोडायचं मी ठरवलं."

"आम्ही कुणाला पाठवलं नव्हतं मॅडम तिकडं. निवेदनाचं आम्हाला नंतर कळलं."

"माहीत आहे."

मागे कुणीतरी ड्रमवर एकच ठोका पुन्हा पुन्हा मारून बघत होतं. तो ओरडला, "अरे थांब ना लेका!" मग मला म्हणाला, "नवीन गाणं झालंय. शेवटच्या गाण्याबद्दल जे लिहिलं ते आम्हाला अजून पटलेलं नाही, आधीच सांगतो."

"नसू दे. मी बदललेलं नाही."

"हे पण वाईट निघालं तर तसंच लिहिणार?"

"निघालं तर."

मागचा ठोका पुन्हा सुरू झाला.

"पाठवतो," तो म्हणाला. "पण ह्यावेळी सत्काराला बोलावणार नाही."

"उत्तम," मी म्हटलं. "तेवढ्या वेळात राहिलेलं तिसरं गाणं वाजवा."