जुंपून पाहिलेला कॉम्प्युटर

आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे, म्हणजे फुकट मिळणारी सिस्टीम. ती का घेतली ते विचारू नका, मी चिडतो. आमच्या अख्ख्या केनवड गावाचं विचारून झालंय. तर एका सकाळी स्क्रीनवर सूचना आली, की या आवृत्तीचा सपोर्ट आता संपतो आहे, नवी घ्या. मी बाबांना सांगितलं.

"संपला म्हंजे? चालून तं राह्यला ना थो?"

"चालते, पन आता कोनी त्याची दुरुस्ती करनार नाई. बदलाच लागते."

"मंग बदल. पन माह्यं भाषन झालं पाह्यजे."

भाषणाचं असं होतं, की वाशीमला भाजीपाला पिकवणाऱ्यांचा मेळावा होता आणि वांग्यांवर बोलायला बाबांना स्टेजवर बोलावलं होतं. जन्मात पहिल्यांदा. बाजारात बाबांचा आवाज दुसऱ्या टोकाला ऐकू जातो, पण स्टेज म्हटल्यावर त्यांचं जेवणच कमी झालं. भाषण स्वतः टाइप करायचं, मोठ्या अक्षरात छापायचं आणि कागद हातात धरून उभं राहायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. हातात कागद नसला तर मी तिथंच चक्कर येऊन पडतो, म्हणाले. गंमत करत नव्हते.

लिनक्सचे प्रकार ढीगभर. मी म्हटलं, पेनड्राइव्हवरून कोणताही चालवून पाहता येतो, पसंत पडला तर ठेवायचा. बाबांचा चेहरा खुलला. "असं सांग ना! बैल घ्याच्या आंधी जुंपून पाह्यतो, तसं."

मग काय, मी पेनड्राइव्ह लावायचा आणि त्यांनी खोड काढायची. पहिला उघडायलाच वेळ लावायचा. "आयशी हाये, लवकर उठतच नाई. नको." दुसऱ्यात मराठी कीबोर्ड सापडेना. "देखना हाये, पन आपली बोली समजत नाई त्याले." तिसऱ्यात अक्षरं मोठी, मराठी तयार. बाबांनी मांडीवर थाप मारली.

मी बजावलं, "बाबा, हा अजून पेनड्राइव्हवरच हाये. बंद केला की सगळं विसरते. मी वाशीमहून प्रिंटरची शाई आनतो, मंग पक्का बसवतो. तवरोक काही लिहू नका."

"हो, हो."

त्यांचं 'हो, हो' मी लहानपणापासून ओळखतो, तरी गेलो.

परत आलो तर बाबा ओसरीवर ऐसपैस बसलेले. "झालं भाषन! एका बोटानं. सेव केलं आन नीट बंद बी केलं. तू नेहमी वरडतं ना, वायर उपटू नका म्हनून."

मी धावतच आत गेलो. सुरू करून पाहिलं, काहीच नाही. बाबा असे उसळले, की वांगी तोडणाऱ्या बाया वावर सोडून पाहायला आल्या.

"सांगतलं होतं तुमाले!" मीही आवाज चढवला.

"अबे, जुंपाले आनलेला बैल वापस केला तरी नांगरलेलं वावर तं नांगरलेलंच राह्यते ना? हा कसा बैल, जो नांगरट बी घेऊन जाते?"

पुन्हा टाइप करा म्हणून मी त्यांना खुर्ची ओढून दिली. तेवढ्यात लाइन गेली ती रात्रभर आलीच नाही, आणि मेळावा दुसऱ्याच दिवशी. बाबांचं हातानं लिहिलेलं बाबांनाच वाचता येत नाही. मी लिहून देतो म्हटलं, तर म्हणाले, "तुह्यावालं भाषन मी कायले वाचू?"

सकाळी वाशीमला ते रिकाम्या हातानं स्टेजवर चढले. मला त्यांच्याकडे पाहवेना. बाबांनी समोरच्या टेबलावर उजव्या हाताचं बोट टेकवलं. बोट हललं, शब्द आला. बोट अडलं, शब्द अडला. जोडाक्षर आलं की बाबा बराच वेळ थांबायचे, बोट टेबलभर शोधत फिरायचं. लोकांना वाटलं, केवढा विचार करून बोलतो माणूस! एकदा तर बोट मागं नेऊन त्यांनी एक शब्द खोडला आणि पुन्हा नीट म्हटला. अख्खं भाषण आलं, काहीच राहिलं नाही, असं ते सांगतात. टाळ्या पडल्या तेव्हा मी रडलो, उगाच कशाला लपवू?

घरी आल्यावर विचारलं, "मंग बाबा, कोनती सिस्टीम ठेवू?"

"थोच तिसरा."

"ज्यानं तुमचं भाषन खाल्लं?"

"हो, कामाचा हाये. पन पहिले त्याले खुट्याले बांध, मंग मले बलाव."