माय मरती का त्यात?

माणसावर लिहिणं हे जाणत्याचं काम. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच; आजवर लिहिली ती फक्त परीक्षेची उत्तरं. तरी मावशींवर लिहायचं धाडस करतोय. चूकभूल पोटात घाला.

औंढ्याजवळच्या एका तांड्यावर हंगामी वसतिगृह होतं. आईबाप ऊसतोडीला गेले की मागं राहिलेली लेकरं तिथं राहून शाळा शिकायची. मावशी त्यांचा स्वयंपाक करायच्या. मी शनिवारी दुपारी कॉलेजचा छोटा प्रोजेक्टर घेऊन कार्टूनचा सिनेमा दाखवायला जायचो.

पहिल्याच दिवशी मावशींनी पिठाचा हात आडवा धरला.

"माय मरती का त्यात?"

"मावशी, लहान मुलांचा सिनेमा आहे. अख्ख्या घरानं बघावा असा."

"ते बराबर हाय. माय मरती का, तेवढं सांग."

मला सांगता येईना. घरी जाऊन दोन-चार सिनेमे नीट पाहिले आणि हादरलो. तुम्हीही पाहा. पिल्लू असो की राजकन्या, गोष्ट रंगायच्या आतच आई गेलेली. आणि वर लिहिलेलं, सर्वांसाठी योग्य.

पुढच्या खेपेला मावशींनी माझ्या मोबाइलवर एक सिनेमा पाहिला. त्यांचा हात तोंडावर गेला.

"अगं माय! लेकरायच्या शिनिमात मायच मारून राहिले! काहून?"

त्यांची भीती साधी होती. एखादं लेकरू मायसाठी हट्टाला पेटलं की नातलग त्याला उसाच्या फडावर नेऊन सोडायचे. त्याच्यामागं दुसरं जायचं. शाळा तिथंच संपायची.

शेवटी त्यांनीच तोड काढली. "मरायचं तेवढं सोड अन् पुढचं लाव. हसायचं लई हाय त्यात."

मलाही पटलं. तसाच लावला. लेकरं खिदळत होती. मधेच एकीनं विचारलं, "ह्या पिल्लाची माय कुठाय?"

शेजारचा म्हणाला, "येडी! तोडीला गेली असंल. येती की."

मावशी लेकरांत येऊन बसल्या.

त्यानंतर कुणी हसलं नाही. सगळी लेकरं त्या आईची वाट बघत राहिली. सिनेमा संपला, नावं वर सरकू लागली, तरी एकही जण उठेना.

"दादा, बंद नका करू. माय यायची हाय अजून."

मावशी उठल्या, पडद्यापुढं उभ्या राहिल्या आणि उरलेली गोष्ट मनानंच सांगू लागल्या. ट्रक आला, माय उतरली, पिल्लाला म्हणाली, "किती वाळलास रे मुडद्या! मावशी जेवू घालती का न्हाई?"

लेकरं खो खो हसली. जेवायला बसली. त्या हंगामात एकही लेकरू फडावर गेलं नाही.

यंदा माझं शेवटचं वर्ष. अभ्यासात शनिवार सुटत गेले. परवा वारंगा फाट्यावर वसतिगृहाचे सर भेटले. म्हटलं, "सर, या शनिवारी येऊ का?"

"कुठं येतो बाबा? आवंदा वसतिगृह उघडलंच न्हाई. सगळी लेकरं आईबापासंगं ट्रकात बसून फडावर गेली."

"आणि मावशी?"

"त्याच ट्रकात बसल्या. कोयता घेऊन."