क्वार्टरांचा नकाशा आणि जुनी सिस्टिम

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी सव्वासात वाजता माझे पती गेले. डॉक्टरांनी वेळ लिहिली. मी सही केली. मुलगा बेंगळुरूहून संध्याकाळी पोचला.

त्यानंतर माणसं येत राहिली आणि जवळजवळ प्रत्येकाने तेच सांगितलं, आता पुढे बघा. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला होता. मी मान हलवत असे आणि मनात म्हणत असे, पुढे काय आहे ते मला ठाऊक आहे. पुढे तेलीबांध्याचा हा फ्लॅट आहे, त्यात दोन खोल्या आणि एक बाल्कनी. मागे अडतीस वर्षं आहेत. कुठे बघायचं ते माझं मी ठरवीन.

परत जाण्याआधी मुलाने माझी सोय म्हणून वडिलांचा कॉम्प्युटर साफ केला. त्यावर विंडोज सेव्हन होती, ती काढून टेन टाकली. फायली त्याने जपून ठेवल्या होत्या. त्या उघडणारा मराठी टायपिंगचा जुना प्रोग्राम मात्र सेव्हनबरोबर गेला, आणि सीडीवरून पुन्हा टाकायला गेलं तर टेनवर तो चालेना. मुलाने इंटरनेटवरून सगळा मजकूर नव्या अक्षरांत बदलून दिला. पतींनी लिहिलेले लेख नीट आले, हे मी मान्य करते. नकाशा आला नाही.

हा नकाशा आमच्या रेल्वे कॉलनीचा होता. ती कॉलनी पाडली गेली त्याला बरीच वर्षं झाली. निवृत्तीनंतर माझ्या पतींनी तिचे सत्तेचाळीस क्वार्टर कागदावर आणायचं मनावर घेतलं. नोकरी पार्सल ऑफिसात गेलेली, रकाने आखण्यात हात बसलेला, त्यामुळे नकाशासुद्धा त्यांनी टायपिंगच्याच प्रोग्राममध्ये काढला. आडव्या रेघा, उभ्या रेघा, मोजून दिलेल्या मोकळ्या जागा. नकाशा असा काढायची चूक पार्सल बाबूच करू जाणे. प्रत्येक चौकोनात तिथे राहणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि विदर्भातलं मूळ गाव. पूर्ण झाल्यावरच छापायचा म्हणून एकही प्रत त्यांनी काढली नव्हती.

अक्षरं बदलताना त्या मोकळ्या जागा गळून गेल्या आणि घरं घसरली. गार्डसाहेब खलाशांच्या रांगेत राहायला गेले. जन्मभर एकमेकींशी न बोललेल्या दोन शेजारणी एका खोलीत आल्या. आमचा क्वार्टर तर पानाबाहेर पडला. आमच्या गल्लीपुरतं मी सांगू शकले असते. पलीकडच्या तीन रांगांत कोण कुठे राहत होतं ते आमच्या घरात फक्त त्यांना माहीत होतं.

आम्हा बौद्धांकडे वर्षाच्या पुण्यानुमोदनाला गेलेल्या माणसाच्या नावाने काहीतरी वाटतात. बहुतेक जण स्टीलचा डबा देतात. मी त्यांच्या लेखांची पुस्तिका वाटायचं ठरवलं होतं आणि मधल्या दोन पानांवर मला तो नकाशा हवा होता.

हिवाळ्यात मुलाचा फोन आला. टेनला कंपनीने दिलेली मुदत संपली होती. तिच्या शेजारी दुसरी सिस्टिम म्हणून इलेव्हन टाकून घे, सवय झाली की टेन काढू, असं त्याचं म्हणणं.

"दुसरी टाकायचीच आहे तर मी सेव्हन टाकते," मी म्हटलं.

"मम्मी, सेव्हन आजकल कौन डालता है? अपडेट नहीं आता, सिक्युरिटी नहीं है."

"मले सिक्युरिटी काहून पायजे? नकाशात चोर येते काय?"

"वायरस आएगा, मम्मी!"

"इंटरनेटची वायरच काढून ठेवीन. मंग येईल कुठून, ऑटोत बसून?"

"आप बिलकुल पप्पा जैसी बात कर रही हो."

"बरं हाय. कोणीतरी कराले पायजे."

तो इथे हिंदी मुलखात वाढला; त्याला मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीत येतं. रागावला असावा. पुढे दोन रविवार त्याचा फोन आला नाही. मीही केला नाही.

कॉम्प्युटर ऑटोत घालून मी बूढ़ापाऱ्याला नेला. तिथल्या गल्लीत एक दुरुस्तीवाले आहेत, माझ्याच वयाचे, चष्मा कपाळावर ठेवून सगळीकडे शोधणारे. माझी मागणी ऐकून ते हसले. "सेव्हन? दीदी, उसका तो मैं कब का पिंडदान कर चुका. इलेव्हन ले जाओ, जुगाड़ से चला दूँगा."

"हमारे में पिंडदान नहीं करते, भैया. सीडी ढूँढिए."

माझ्याकडे नीट बघून त्यांनी जीभ चावली आणि मुकाट्याने खालचा खण उघडला.

सीडी सापडल्यावर त्यांनी एक धोका सांगितला. जुनी आधी आणि नवी नंतर टाकली तर दोघी नांदतात. नवीच्या मागून जुनी आली तर ती नवीला ओळखत नाही आणि तिचा रस्ता बंद करते. "फिर बेटे का टेन दिखेगा ही नहीं. बाद में ठीक करना पड़ेगा. चलेगा?"

"हव," मी म्हटलं.

तसंच झालं. मशीन पुन्हा सुरू झालं तेव्हा पडद्यावर सेव्हन एकटीच होती, जणू मुलाने कधी काही केलंच नव्हतं. ते लगेच टेन परत आणायला लागले. मी म्हटलं, थांबा, आधी नकाशा. मी आणलेल्या सीडीवरून त्यांनी मराठीचा प्रोग्राम टाकला आणि नकाशाची मूळ फाइल उघडली.

रेघा सरळ होत्या. गार्डसाहेब आपल्या कोपऱ्यात होते, शेजारणींच्या मध्ये भिंत होती आणि आमचं घर दुसऱ्या रांगेत तिसरं, जिथे होतं तिथेच. दुरुस्तीवाल्यांना मराठी वाचता येत होती की नाही कोण जाणे, पण ते पुढे वाकून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "दीदी, इसमें तो कुछ घर खाली हैं."

चौदा होते. माझ्या पतींचं काम तिथे थांबलं होतं. मला ते तोपर्यंत माहीत नव्हतं.

टेन परत आणायला त्यांना आणखी तासभर लागला. ती आणली ते बरंच केलं, कारण मुलाशी व्हिडिओवर बोलायला मला ती लागते.

माझे दीर म्हणाले, रिकामे चौकोन छापणं बरं दिसत नाही, वहिनी, तेवढा भाग कापून टाका. मी कापला नाही. माणूस अर्ध्यात गेला असेल तर काम अर्धंच दिसलं पाहिजे. रिकामे चौकोन कापून पूर्ण केल्याचा देखावा मला करायचा नव्हता.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात वंदना झाली, भोजन झालं, पुस्तिका वाटल्या. हात धुऊन आलेली कॉलनीतली म्हातारी माणसं मधलं पान उघडून भांडायला लागली.

"हे घर फिटरचं होतं."

"फिटर मागून आला ना बे! पहिले कंपाउंडर होता, तुले काय मालूम, तू त पोट्टा होता तवा."

साठी उलटलेला तो पोट्टा खाली बसला. मी पेन घेऊन सगळ्यांमध्ये फिरले. दोन साक्षी मिळाल्याशिवाय नाव लिहायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

बेंगळुरूहून आलेला मुलगा माझ्यामागे येऊन उभा राहिला. "मम्मी, अपना क्वार्टर तो तीसरा था ना? पप्पा ने लास्ट में कैसे डाल दिया?"

"तिसरंच हाय. उलट्या टोकाकून मोजलं तू."

त्याने दुसऱ्या टोकाला बोट ठेवून रांग पुन्हा मोजली. इलेव्हनचा विषय त्याने त्यानंतर काढलेला नाही. काढला तरी उत्तर तेच मिळेल.

त्या दिवशी पाच घरांची नावं लागली. दुसऱ्या दिवशी मी सेव्हन उघडून ती त्यांच्याच प्रोग्राममध्ये, जागा मोजून भरली. नऊ चौकोन अजून रिकामे आहेत.